बोडक्या बाकाची पाठ

"बसवा म्हण. एवढा एकच शब्द. त्यात तुझं काय जातंय?"

"परत बोल. भट्टीच्या आवाजात ऐकू नाही आलं."

"आलंय ऐकू. उगीच सोंग करू नकोस."

"आलंय, पण कानाला पटेना. तुझ्या पोटच्या पोरीला मी बाकावर बसवा म्हणू?"

"सगळ्यांच्या पोरी बसल्या. माझी काय सोन्याची आहे?"

भट्टीवालीनं पावाच्या पिठात कोपरापर्यंत रुतलेले हात बाहेर ओढले, बोटांना चिकटलेलं पीठ चोळून उतरवलं आणि समोर उभ्या सुताराकडं बघितलं. एकाच गल्लीत नाकं पुसत वाढलेली ही दोघं, त्यामुळं अरेतुरेची सवय तेव्हापासूनची. सुतार आता चर्चचा पंच झाला होता. केस पिकले होते, कानामागची पेन्सिल तेवढी जागची हलली नव्हती. हा माणूस एक ना एक दिवस आपल्या दारात नाक घासत येणार, याची ती वर्षानुवर्षं वाट बघत होती. पीठ तिंबता तिंबता तिनं तो प्रसंग मनात इतका घोळला होता, की त्याचं बोलणं तिला पाठ होतं आणि आपलंही. तो म्हणणार होता, माझ्या पोरीला वाचव. ती म्हणणार होती, माझ्या वेळी तुझी जीभ कुठं गेली होती रे? आणि हा बाबा येऊन म्हणतो काय, तर बसवा म्हण!

"मग विचारायला कशाला आलास?" ती म्हणाली. "आजवर कुणी सोडा म्हटलंय?"

"तू म्हणशील. ओळखतो मी तुला. माझी जिरवायची म्हणून म्हणशील. मग लोक बोलणार, पंचाची पोर म्हणून सुटली. मला तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

"तोंडाचंच बोलतोयस मघापासून. तिच्या पोटाचं बोल की जरा."

"पोटाचं तिनं आधी बघायचं होतं."

भट्टीवाली हसली. चांगलं पोट धरून हसली. सुतार खांबासारखा उभा राहिला.

चर्चमध्ये शेवटच्या रांगेच्या मागं, दाराला लागून एक बाक होता. बाकीच्या बाकांना टेकायला पाठ होती, याला नव्हती. अरुंद फळी, खाली पाय, झाला बाक. सगळे त्याला बोडका बाक म्हणत. चर्चच्या मंडळीत कुणाचं पाऊल वाकडं पडलं, की त्यानं वर्षभर दर रविवारी इथं बसायचं. प्रभुभोजनाचं ताट सगळीकडं फिरायचं आणि या बाकासमोरून तसंच पुढं जायचं. पूर्वी याही बाकाला पाठ होती म्हणे. माणूस टेकून बसला की डुलक्या काढतो, त्याला पाप कसं आठवणार, असं म्हणून या सुतारानंच ती आपल्या करवतीनं कापली होती.

पण या बाकाची एक रीत फार जुनी. कुणालाही तिथं बसवण्याआधी, त्या बाकावरून शेवटचं जे उठलं असेल त्याला भर मंडळीत विचारायचं, बसवायचं की सोडायचं? त्याचा शब्द तो शेवटचा. कुण्या जुन्या पाळकानं ही रीत घालून दिली होती. भला माणूस असणार बिचारा. त्याला वाटलं असेल, ज्याची कंबर त्या फळीवर मोडली तो दुसऱ्याची मोडू देणार नाही. माणसं त्याला कधी नीट भेटलीच नसावीत. कारण आजवर एकाही तोंडातून सोडा हा शब्द निघाला नव्हता. मी बसलो ना? मग हाही बसू दे. भट्टीवालीला बसवलं ते इस्त्रीवालीनं, आणि इस्त्रीवालीला तिच्या आधीच्यानं. भट्टीवाली उठल्यापासून बाक रिकामा होता. म्हणजे आता शब्द तिचा होता.

"जाता जाता एक सांग," तिनं विचारलं. हसू संपलं होतं. "माझ्या पोराच्या पेटीला आतून रंधा का नव्हता मारलास?"

सुताराला कळेना. "कुठली पेटी?"

भट्टीवाली तळव्यावरचं पीठ खरवडत राहिली.

"हां, ती होय," तो म्हणाला. "मारला होता की रंधा."

"बाहेरून. मी आतलं विचारते."

"आत कोण बघणार होतं?"

त्यात खोच नव्हती, कुचकेपणा नव्हता. कपाटाच्या मागच्या फळीबद्दल सुतारानं बोलावं तसा तो बोलला, आणि रविवारचं तेवढं ध्यानात ठेव म्हणून निघून गेला.

भट्टीवालीचा नवरा मालाच्या गाडीवर बसून गेला तो गेलाच. मागं राहिली ती सासऱ्याची भट्टी, आणि दमेकरी सासरा. म्हाताऱ्याला मरेपर्यंत तिनं उचललं, धुतलं, चारलं. तेव्हा मंडळी म्हणायची, बाई सोन्यासारखी. मग पिठाची पोती घेऊन येणारा एक ड्रायव्हर दारात थोडा जास्त थांबायला लागला. पोती स्वतः आत आणून ठेवायचा, पाणी मागायचा, हसवायचा. ती हसली. पोटात पोर राहिलं तसा त्यानं रस्ता बदलला आणि मंडळीनं विशेषण बदललं.

बोडक्या बाकावर ती पोट घेऊन बसली आणि पुढं पोर मांडीवर घेऊन बसली. गावात भट्टी एकच. त्यामुळं प्रभुभोजनाची भाकर तिच्याच भट्टीतून जायची. शनिवारी ती पीठ तिंबायची, रविवारी सकाळी भाजायची, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून स्वतः नेऊन द्यायची आणि मागं जाऊन बसायची. मग तिनंच भाजलेली भाकर ताटात तुकडे होऊन सगळ्या तोंडांत जायची आणि तिच्या नाकासमोरून परत फिरायची. ताट धरलेला हात सुताराचा असायचा.

त्या हिवाळ्यात पोराला ताप भरला आणि उतरला तो पोराला घेऊनच. पेटी सुतारानं केली, दुसरं करणार कोण? वरून गुळगुळीत, आरशासारखी. पोराला आत ठेवताना तिचा हात फळीवरून फिरला आणि तळव्यात लाकडाची कूस घुसली. फडकं नीट घालायला हवं होतं, पण तोवर झाकण ठोकायला घेतलं होतं. ती कूस कधी निघालीच नाही. निघाली असेल, पण तळव्याचा तो भाग पीठ तिंबताना अजून ठुसठुसायचा. निदान तिला तसं वाटायचं.

एवढ्यावरून कुणी म्हणेल, बाईचं काळीज नरम असेल. तसं काही नव्हतं. सुताराची पोर पोटुशी आहे असं कानावर आलं, त्या दिवशी भट्टीवाली गाणं गुणगुणत होती. सुताराची जिरली हे तर झालंच, पण तिला त्या पोरीलाही तिथं बसलेलं बघायचं होतं. ती पाठ आधी ताठ असेल, मग हळूहळू वाकेल, मग मोडेल. हे सगळं पुढच्या बाकावर आरामात टेकून, मान वळवून बघायचं. तिनं जागासुद्धा ठरवून ठेवली होती.

"तू बसवणारच ना?" दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाली पाव घ्यायला आली तेव्हा तिनं हळूच विचारलं. "नाहीतर रीत मोडेल गं."

"तू मला बसवलंस तेव्हा काय वाटलं होतं तुला?"

इस्त्रीवालीनं पाव पिशवीत टाकला. मग खरं तेच बोलली. "बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू? पाठीतली कळ गेल्यासारखी वाटली."

"आणि गेली?"

"छे गं. आता तर इस्त्री उचलली तरी येते."

संध्याकाळी पोर आली. अंगावरची शाल पोटावर ओढून घेतलेली, चेहरा उतरलेला. भट्टीवालीनं तिला मुद्दाम ताटकळत ठेवलं. इकडचा साचा तिकडं केला, राख ओढली, मग म्हणाली, "कालचा देऊ की आजचा?"

"आजचा द्या, मावशी."

"बाप काय मागून गेला ते सांगितलं का तुला?"

"सांगितलं."

"मग तू काय मागतेस? रड की जरा. मी रडले होते. इस्त्रीवालीचे पाय धरले होते. तुझ्या डोळ्यांना काय पडसं झालंय?"

पोर रडली नाही. "मागून काय होतंय, मावशी? तुम्ही बसवणारच. मी एवढंच विचारायला आले, की पाठ कुठं ठेवायची?"

"काय ठेवायची?"

"पाठ. उपासना लांबते ना. आता नुसतं उभं राहिलं तरी कंबरेतून कळ येते. तुम्ही तिथं बसलाय, तुम्हाला ठाऊक असणार. हात मागं टेकवायचे की कोपरं मांडीवर घ्यायची?"

भट्टीवालीला सगळं ठाऊक होतं. कोपरं मांडीवर घेतली तर पोट दबतं. हात मागं टेकवले तर मनगटं जातात. कडेला सरकून एक पाय बाकाखाली मुडपला तर थोडा वेळ निभतं. हे सगळं तिच्या जिभेवर आलं. आणि तिनं ते गिळलं.

"पाठ ठेवायची नसते," ती म्हणाली. "घरी ठेवून यायची."

आणि फडक्यात न गुंडाळता, भट्टीतून आत्ताच काढलेला पाव तिनं पोरीच्या हातावर टाकला. पोरीचे हात भाजले. तिनं पाव खाली पडू दिला नाही. या हातावरून त्या हातावर झेलत, "येते मावशी," म्हणत ती गेली.

तिला झोप लागली नाही असं काही झालं नाही. भट्टीवाली छान झोपली. पण शनिवारी पीठ तिंबताना ते कानात बसलं, पाठ कुठं ठेवायची? वर्षभर त्या बाकावर बसून तिनं देवाला बरंच काही विचारलं होतं, शिव्याही दिल्या होत्या. हे मात्र तिला कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं. विचारायला माणूसच नव्हतं.

रविवारी चर्च गच्च भरलं. लग्नालासुद्धा एवढी माणसं जमत नव्हती. पाळक तरुण होता, नवीन होता आणि पंचांना टरकून होता. त्यानं दगड घेऊन जमलेल्या लोकांची आणि त्यांच्यात उभ्या केलेल्या बाईची गोष्ट वाचली. प्रभू वाकून जमिनीवर बोटानं लिहीत राहिला, तिथवर आल्यावर त्याचा आवाज चिरकला. मंडळीनं डोळे मिटून ऐकलं. फार आवडती गोष्ट ती सगळ्यांची.

मग पाळकानं भट्टीवालीला उभं केलं. पोर पुढं उभी होती, बाप तिच्याशेजारी. "ताई, शेवटच्या तुम्ही. बसवायचं की सोडायचं?"

सगळ्या माना वळल्या. भट्टीवालीनं त्या सगळ्यांकडं बघितलं. इस्त्रीवाली मान हलवत होती, म्हण, म्हण. सुतारानं जबडा आवळला होता. पोर तिच्याकडं बघत नव्हती, बाकाकडं बघत होती. किती अरुंद आहे त्याचा अंदाज घेत होती.

"सोडा," भट्टीवाली म्हणाली.

हा शब्द आल्यावर पुढं काय करायचं ते कुणाला माहीतच नव्हतं. पाळकानं पुस्तकाची पानं उलटली, जणू तिथं लिहिलेलं असणार.

"ही माझ्यावरचा राग काढतेय!" सुतार ओरडला.

"काढतेय," ती म्हणाली. "मग?"

हे खरंच होतं. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं बघून तिला गोड लागलं, अगदी पोटातून. मग सुतारानं पोरीचं मनगट धरलं. "मंडळीनं सोडलं असेल," तो म्हणाला, "बापानं नाही सोडलं." आणि भर चर्चमधून तिला ओढत नेऊन त्यानं बोडक्या बाकावर बसवलं. हात मारून खांदे सरळ केले, गुण्या लावून लाकूड सरळ आहे का बघावं तसं बघितलं आणि पुढं जाऊन आपल्या जागी बसला. पाळक स्वतःच्या बुटांकडं बघत होता. कुणी जागचं उठलं नाही. कुणीतरी तर सुटकेचा श्वासही सोडला.

उपासना सुरू झाली. पोर ताठ बसली होती. दुसऱ्या गाण्याला तिची कंबर ढिली पडली. तिनं हात मागं टेकवले. मग कोपरं मांडीवर घेतली. मग पुन्हा हात मागं. भट्टीवाली आपल्या ठरवलेल्या जागेवर टेकून, मान वळवून बघत होती. अगदी तिला हवं होतं तसंच चाललं होतं. तळवा ठुसठुसायला लागला.

"मसणात जावो सगळं," असं पुटपुटत ती उठली. बायकांचे गुडघे ओलांडत मागं गेली आणि बोडक्या बाकावर पोरीच्या मागं, पाठीला पाठ लावून बसली. तोंड दाराकडं, पाठ वेदीकडं.

पोर अंग चोरून बसली.

"टेक की गं," भट्टीवाली दाराकडं बघत म्हणाली. "का कंबर मोडल्यावर टेकणार आहेस?"

पोर टेकली. आधी भीत भीत, मग सगळं वजन टाकून. पोटातल्या जिवासकट ती केवढी जड होती! भट्टीवालीच्या माकडहाडातून जुनी कळ उठली, अगदी ओळखीची. शेजारी बसून उपयोग नव्हता. टेकायला मागं कुणीतरी लागतं.

प्रभुभोजनाचं ताट आलं. ताट सुताराच्या हातात होतं. ताटात तिचीच भाकर होती. तो बाकापाशी क्षणभर थांबला असं तिला वाटलं, पण पाठ फिरवलेली असल्यानं नक्की दिसलं नाही. ताट दोघींना टाळून पुढं गेलं.

उपासना सुटल्यावर गलका झाला तो पोरीला ओढल्याचा नव्हता, भट्टीवालीनं वेदीकडं पाठ केल्याचा होता.

"ताई," पाळक म्हणाला, "देवाकडं पाठ करून बसलात तुम्ही."

"माझ्या पाठीला काम होतं," ती म्हणाली. "तोंडाला नव्हतं."

त्यानंतर बऱ्याच घरांनी तिचा पाव बंद केला. शिळा, बाहेरगावचा, दगडासारखा पाव ती माणसं खायची आणि दात दुखले की तिलाच नावं ठेवायची. दर रविवारी ती त्या बाकावर पोरीच्या पाठीला पाठ लावून बसायची. दोघींत बोलणं फारसं नव्हतं. एकदा पोर म्हणाली, "मावशी, तुमची पाठ फार टोचते." ती म्हणाली, "मग बापाला सांग, रंधा मारून देईल." दोघी हसल्या तशा मंडळीच्या माना पुन्हा वळल्या.

मग एका शनिवारी भरदुपारी इस्त्रीवाली धापा टाकत आली. "सुताराची पोर मोकळी झाली. मूल आलं तसंच गेलं. रडलंसुद्धा नाही गं."

भट्टीवालीचे हात पिठात होते. रविवारची भाकर. ती तशीच उठली, पिठानं पांढऱ्या हातांनी रस्ता ओलांडून सुताराच्या कारखान्यात गेली. आत सरसाचा आणि ताज्या भुशाचा वास होता. ठोकणीच्या टेबलावर पेटी होती. केवढीशी! तिच्या भट्टीतला एक मोठा साचा तेवढा असेल. बाहेरून गुळगुळीत, आरशासारखी.

सुतार खिळ्यांचा डबा हातात घेऊन उभा होता. घेतलेला डबा कशासाठी घेतला ते विसरल्यासारखा.

ती पुढं गेली आणि तिनं हात पेटीच्या आत घातला. तळापासून काठापर्यंत तळवा फिरवला. फळी खरखरीत होती. सवय. हातच तसे चालत आले होते, त्याचं त्यालाही कळलं नसेल.

सुतारानं तिच्या हाताकडं बघितलं. मग त्याला कळलं. सगळं एकदम कळलं, आताचंही आणि तेव्हाचंही. त्यानं खिळ्यांचा डबा टेबलावर ठेवला.

भट्टीवालीच्या जिभेवर वाक्य आलं होतं. त्याचंच वाक्य, आत कोण बघणार होतं, जसंच्या तसं. फार नाही, एक शब्द बोलली असती तरी हा माणूस जागच्या जागी बसला असता आणि पुन्हा उठला नसता. एवढी वर्षं तिनं ज्यासाठी पीठ तिंबलं होतं ते हेच होतं, हातातोंडाशी आलेलं. ते किती गोड लागेल हे तिला माहीत होतं. गोडी तिनं एकदा चाखली होती.

"रंधा कुठंय?" ती म्हणाली.

"ठोकलेल्या पेटीत रंधा जात नाही," सुतार म्हणाला.

"मग खिळे काढ."

त्यानं खिळे उपटायचा लोखंडी कावळा घेतला आणि एकेक काढायला लागला. घाईत दोन ठिकाणी लाकूड फाटलं. फळ्या सुट्या झाल्या. तिनं फळीचं एक टोक दाबून धरलं, त्यानं रंधा चालवला. ढलप्या खाली पडायला लागल्या. एक फळी झाली की ती तळवा फिरवून बघायची.

"इथं."

तो तिथं पुन्हा मारायचा.

"अजून इथं."

मधेच तो थांबला. "तुझ्या वेळी..." म्हणाला.

"रंधा मार," ती म्हणाली. "माझं पीठ वर येतंय तिकडं."

त्यानं रंधा मारला. सगळ्या फळ्या झाल्या. त्यानं पेटी पुन्हा ठोकली, तिनं पुन्हा हात घातला. आता कुठं काही लागलं नाही. हाताचं पीठ मात्र आत सगळीकडं लागलं होतं. सुतार फडक्यानं पुसायला गेला.

"राहू दे," ती म्हणाली.

आतल्या खोलीत पोर भिंतीकडं तोंड करून पडली होती. दारातून तिची नुसती पाठ दिसत होती. भट्टीवाली आत गेली नाही. आत जाऊन सांगण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं, आणि उद्या रविवार होता. मूल गेलं म्हणून बाकावरचं वर्ष काही कमी होत नव्हतं.

ती भट्टीवर परतली. पीठ फुगून भांड्याच्या काठावरून खाली लोंबत होतं. "आता याला काय माझी वाट बघायला नको होती?" असं म्हणत तिनं बाह्या वर केल्या, मूठ मारून त्यातली हवा काढली आणि उद्याच्या भाकरीसाठी पुन्हा तिंबायला घेतलं.